पक्षाघातानंतरचे मन : एका दुर्लक्षित जोखमीचा इतिहास

पक्षाघाताचा वैद्यकीय इतिहास दीर्घकाळ हातापायांचाच इतिहास राहिला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात वातव्याधींचे विवेचन आहे आणि त्यात शरीराच्या एका बाजूचे बळ हरपणे, तोंड वाकडे होणे, वाचा अडखळणे ही लक्षणे बारकाईने नोंदलेली आहेत. ग्रीक वैद्यांनीही अकस्मात कोसळून शुद्ध आणि हालचाल गमावणाऱ्या रोग्याचे वर्णन ‘अपोप्लेक्सी’ या नावाखाली केले. दोन्ही परंपरांतील वैद्यांपुढे मुख्य प्रश्न असा, की रोगी वाचेल की नाही, आणि वाचलाच तर पुन्हा उठून चालेल की नाही. वाचलेल्या माणसाला नावे आठवेनाशी झाली, हिशेब जमेनासा झाला, तो कारणाशिवाय रडू लागला किंवा कशातच रस घेईनासा झाला, तर ते म्हाताऱ्या वयाच्या नाहीतर दुःखाच्या खात्यावर टाकले जाई. मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडून किंवा फुटून त्याच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा स्नायूंबरोबर बुद्धी आणि भावस्थिती यांनाही इजा होते, आणि ही इजा कोणाला होणार हे बऱ्याच अंशी आधी सांगता येते, हे ज्ञान फार उशिरा आले. त्या उशिराची कारणे पाहू गेल्यास असे दिसते, की वैद्यकाने शतकानुशतके झटका मेंदूत कोठे बसला एवढेच विचारले. तो झटका कोणत्या मेंदूला बसला, हा प्रश्न विचारायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथील वैद्य योहान याकोब वेप्फर याने १६५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अपोप्लेक्सीने मरण पावलेल्यांच्या शवविच्छेदनांचे निष्कर्ष मांडले आणि मेंदूत साकळलेले रक्त हे या आजाराचे एक कारण असल्याचे दाखवले. त्यानंतर सहा वर्षांनी इंग्लंडमध्ये टॉमस विलिस याचा मेंदूच्या शरीररचनेवरील ग्रंथ आला, ज्यातील चित्रे पुढे वास्तुविशारद म्हणून ख्याती पावलेल्या क्रिस्टोफर रेन याच्या हातची होती. मेंदूच्या तळाशी धमन्या एकमेकींना जोडून जे कडे तयार करतात, ते आजही विलिसच्याच नावाने ओळखले जाते. मानेतील एक मुख्य धमनी पूर्णपणे बंद असूनही ज्याला आयुष्यात पक्षाघात झाला नव्हता, अशा एका माणसाच्या शवविच्छेदनाची नोंद विलिसने केली आणि इतर धमन्या रुंदावून त्यांनी उणीव भरून काढली होती, असे तिचे स्पष्टीकरण दिले. एकच अडथळा एकाला पाडतो आणि दुसऱ्याला पाडत नाही, या जाणिवेचे बीज त्या नोंदीत आहे. १६७२ मधील आपल्या नंतरच्या ग्रंथात त्याने बुद्धी मंदावण्याच्या कारणांची चर्चा करताना अपोप्लेक्सी आणि पक्षाघात यांच्या पाठोपाठ येणाऱ्या मंदत्वाचाही समावेश केला. पक्षाघातोत्तर स्मृतिभ्रंशाचे, म्हणजे स्मरण, विचार आणि व्यवहारक्षमता यांच्या दैनंदिन जगण्यात बाधा आणणाऱ्या ऱ्हासाचे, हे आधुनिक वैद्यकातील आरंभीच्या वर्णनांपैकी एक होय. मात्र पुढील दीडशे वर्षांत त्यावर फारशी इमारत उभी राहिली नाही.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या मोठ्या रुग्णालयांत वृद्ध आणि निराधार रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले जाऊ लागले, तेव्हा रक्तस्रावाखेरीज मेंदूचे ‘मृदुभवन’, म्हणजे रक्ताअभावी मेलेला भाग मऊ पडणे, हे वेगळे ओळखले गेले आणि खोलवरच्या बारीक पोकळ्यांनाही नावे मिळाली. १८९४ मध्ये ओटो बिन्सवांगर याने, आणि त्याच सुमारास आलोइस अल्झायमर यानेही, धमन्या कठीण झाल्यामुळे होणाऱ्या मानसिक ऱ्हासाची वर्णने केली. ज्याचे नाव आज दुसऱ्याच आजाराशी जोडलेले आहे, त्या अल्झायमरने रक्तवाहिन्यांच्या विकाराचा इतका बारकाईने अभ्यास केला होता, ही गोष्ट सहसा विस्मरणात जाते. पुढे या संशोधनाचे एक ढोबळ सूत्र बनले: वय वाढते, धमन्या कठीण होतात, मेंदूची उपासमार होते आणि बुद्धी विझते. हे सूत्र चुकीचे तर होतेच, शिवाय घातकही होते, कारण म्हातारपणाचा अटळ भाग मानल्या गेलेल्या गोष्टीची कारणे शोधण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

त्या काळच्या वैद्यकाला झटक्यानंतरच्या मनाकडे कसे पाहावे हे किती कळत नव्हते, याचे जवळून पाहता येणारे उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे आहे. १९०६ मध्ये त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी अचानक गेली, तेव्हा डॉक्टरांनी धमन्या कठीण झाल्याचे निदान केले होते. परंतु विश्रांतीचा सल्ला देण्यापलीकडे वैद्यकाच्या हाती काही नव्हते. २ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांना मोठा झटका आला आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. आजाराचे खरे स्वरूप देशापासून लपवले गेले. ५ डिसेंबर रोजी दोन सेनेटर त्यांची अवस्था पाहण्यासाठी शयनगृहात आले, तेव्हा त्यांचा निकामी डावा हात पांघरुणाखाली झाकलेला होता; विल्सन यांनी उजव्या हाताने हस्तांदोलन केले, प्रश्नांना नेमकी उत्तरे दिली, आणि पाहुणे त्यांच्या बुद्धीबद्दल निःशंक होऊन परतले. परंतु त्याच महिन्यांत व्हर्सायच्या तहावर कोणतीही तडजोड त्यांनी नाकारली, आपल्या आजारपणात मंत्रिमंडळाच्या बैठका बोलावल्याबद्दल परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लान्सिंग यांना फेब्रुवारी १९२० मध्ये दूर केले, आणि अंथरुणाला खिळलेले असतानाही अध्यक्षपदाच्या तिसऱ्या कार्यकाळाची आशा धरली. मेलेल्या माणसाचे निदान दुरून करण्यात धोका असतो आणि विल्सन यांचा हट्टी स्वभाव जुनाच होता. तरीही उजव्या मेंदूच्या इजेनंतर स्वतःच्या अवस्थेची जाणीवच बोथट होऊ शकते आणि बोलणे शाबूत असल्याने ती उणीव लपून राहते, हे आज सर्वमान्य आहे. शरीराच्या लुळेपणाचीच जाण न उरण्याच्या या अवस्थेला जोझेफ बाबिन्स्की याने पॅरिसमध्ये १९१४ साली नाव दिले होते. संभाषण नीट झाले म्हणजे बुद्धी शाबूत आहे, ही त्या शयनगृहातील कसोटी मात्र पुढेही अनेक दशके रुग्णालयांत चालत राहिली.

याच्या उलट बाजूला लुई पाश्चर आहे. १८६८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यालाही डाव्या बाजूचा पक्षाघात झाला. थोड्याच दिवसांत त्याने अंथरुणावरून रेशीमकिड्यांच्या रोगावरील टिपण सहकाऱ्याला सांगून लिहवून घेतले, आणि रेबीजवरील लशीचे त्याचे काम त्यानंतर सतरा वर्षांनी झाले. दोघांचीही इजा मेंदूच्या उजव्या अर्ध्यात होती. पण एक झटका पंचेचाळिशीतल्या मेंदूला बसला आणि दुसरा बासष्टाव्या वर्षी, किमान तेरा वर्षे रक्तवाहिन्यांचा विकार सोसलेल्या मेंदूला. दोन माणसांवरून नियम काढता येत नाही, परंतु पुढे हजारो रुग्णांच्या नोंदींतून जे सिद्ध झाले त्याची दिशा येथे दिसते.

धमन्यांच्या विकारामागील रक्तदाब मोजता येऊ लागला तो १८९६ मधील रिव्हा-रोची यांच्या दाबपट्टीमुळे आणि १९०५ मधील कोरोत्कोव्ह यांच्या ध्वनिपद्धतीमुळे. मोजता आला तरी तो उतरवता येत नव्हता, आणि या टप्प्यावर या इतिहासात भारताचा, विशेषतः मुंबईचा, खरा वाटा आहे. सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीवर १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच ती वेड आणि उच्च रक्तदाब या दोहोंवरील औषध म्हणून सांगितली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील सर्पगंधेच्या उपचाराचे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. १९५४ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड फ्राइस यांनी दीर्घकाळ मोठ्या मात्रेत रेसर्पिन घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांत नैराश्य आढळल्याचे कळवले. हे द्रव्य मेंदूतील संदेशवाहक रसायने घटवते हे लक्षात आल्यावर, नैराश्य म्हणजे त्या रसायनांची कमतरता, असा सिद्धान्त उभा राहिला. रेसर्पिनमुळे खरोखर नैराश्य येते की नाही याबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या, पण दुःखाला मेंदूतील रासायनिक कारण असू शकते हा विचार वैद्यकात रुजला तो प्रामुख्याने याच वाटेने. दुसरीकडे, त्याच फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली १४३ माजी सैनिकांवर झालेल्या चाचणीने १९६७ मध्ये दाखवले, की अतिउच्च रक्तदाब औषधांनी उतरवल्यास पक्षाघातासह गंभीर घटना कमालीच्या घटतात: औषध न मिळालेल्यांत अशा २७ घटना घडल्या, तर औषध मिळालेल्यांत २. त्या औषधांच्या मिश्रणात रेसर्पिन होते. एका भारतीय मुळीने पक्षाघाताचा प्रतिबंध आणि मनाच्या विकारांचे रसायन ही दोन्ही दारे उघडली, याची योग्य ती दखल मुंबईच्या वैद्यकीय इतिहासातही अजून पुरेशी घेतली गेलेली नाही.

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत ‘धमन्या कठीण, म्हणून बुद्धी मंद’ हे सूत्र मोडले ते मोजमापाने. इंग्लंडमधील न्यूकासल येथे टॉमलिन्सन, ब्लेस्ड आणि रॉथ यांनी १९७० मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या ५० वृद्धांच्या मेंदूंचा अभ्यास मांडला. त्यांनी मृदुभवनाचे आकारमान मिलिलिटरमध्ये मोजले, आणि १०० मिलिलिटरच्या पुढचे नुकसान स्मृतिभ्रंश असलेल्यांतच दिसले. १९७४ मध्ये व्लादिमिर हाचिन्स्की, लासेन आणि मार्शल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असे प्रतिपादले, की रक्तवाहिन्यांमुळे होणारा स्मृतिभ्रंश संथ उपासमारीतून येत नाही, तो लहानमोठ्या अनेक झटक्यांच्या बेरजेतून येतो. हा बदल वरवर किरकोळ दिसला तरी त्याचे व्यावहारिक मोल मोठे होते, कारण उपासमार थांबवण्याचा उपाय नव्हता, पुढचा झटका मात्र टाळता येण्याजोगा होता. दुसऱ्याच वर्षी हाचिन्स्की यांनी १३ लक्षणांची जी गुणपत्रिका तयार केली, तीत अचानक सुरुवात, पायरीपायरीने होणारी घसरण, रक्तदाबाचा आणि आधीच्या झटक्याचा इतिहास यांबरोबर नैराश्य आणि अनावर रडणे-हसणे यांनाही जागा होती. बुद्धी आणि भावना यांचा विचार एकाच कागदावर आला. न्यूकासलचे गणित मात्र अपुरे ठरले: थॅलॅमससारख्या मेंदूच्या मध्यवर्ती गाभ्यातील वाटाण्याएवढी इजाही स्मृती पार विस्कटू शकते, आणि कधी मोठा झटका बुद्धीला फारसा धक्का न लावता जातो.

भावस्थितीचा अभ्यास वेगळ्या वाटेने गेला आणि अधिक काळ चकला. कुर्ट गोल्डस्टाइन याने मेंदूला इजा झालेल्या रुग्णांत, न जमणारे काम समोर येताच उसळणाऱ्या तीव्र व्याकुळतेचे वर्णन केले होते. १९७२ मध्ये इटलीतील गाइनोत्ती यांनी १६० रुग्णांच्या पाहणीत ही व्याकुळता डाव्या मेंदूच्या इजेत, तर उदासीन बेफिकिरी उजव्या इजेत अधिक दिसल्याचे नोंदवले. तरीही पांगळेपण आले की माणूस खचणारच, ही सर्वसाधारण समजूत कायम होती. तिची पहिली नेटकी परीक्षा मार्शल फोल्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये घेतली. त्यांनी पक्षाघाताच्या २० रुग्णांची तुलना हाडांच्या आजाराने तेवढ्याच प्रमाणात अधू झालेल्या १० रुग्णांशी केली. पहिल्या गटात ४५ टक्क्यांना, तर दुसऱ्यात १० टक्क्यांनाच भावस्थितीचा विकार आढळला. गट लहान होते, पण प्रश्न अचूक होता. अपंगत्व सारखे असताना दुःख सारखे नसेल, तर मेंदूची इजा स्वतःच काहीतरी करत असली पाहिजे.

या निष्कर्षावर बाल्टिमोरच्या रॉबर्ट रॉबिन्सन यांनी मोठी मांडणी केली. उंदरांच्या मेंदूतील धमनी बांधल्यावर संदेशवाहक रसायने घटतात हे त्यांनी आधी दाखवले होते. १९८० च्या दशकात त्यांनी असे मांडले, की इजा डाव्या कपाळामागील भागाच्या अग्राशी जितकी जवळ, तितके नैराश्य तीव्र. १९७१ मध्ये लंडनमधील विम्बल्डन येथे पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाल्यापासून जिवंत माणसाच्या मेंदूतील इजा दिसू लागली होती, आणि मनातील काळोखाचा पत्ता चित्रावर बोट ठेवून सांगता येईल ही कल्पना त्या काळाला फार मोहक वाटली. वीस वर्षे तिच्या बाजूने आणि विरुद्ध निबंध निघत राहिले. अखेर २००० मध्ये कार्सन आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा ‘लॅन्सेट’मध्ये घेतला आणि इजेच्या स्थानावर नैराश्य अवलंबून असल्याच्या मताला त्यात आधार मिळाला नाही. रॉबिन्सन यांची मांडणी कोसळली तरी त्यांचे ऋण मोठे आहे: पक्षाघातानंतरच्या नैराश्याला उपचारयोग्य आजार मानून त्याची नियमित चौकशी करण्याचा आग्रह त्यांनीच लावून धरला.

स्थान गेले, तेव्हा उरले काय? मरी हॅकेट आणि क्रेग अँडरसन यांनी २००५ मध्ये नैराश्याची पूर्वसूचना देणाऱ्या घटकांचा आढावा घेतला, तेव्हा झटक्याची तीव्रता, त्यातून आलेले शारीरिक परावलंबन आणि बुद्धीची इजा हे घटक सातत्याने पुढे आले. आधी कधी नैराश्य येऊन गेलेले असणे आणि जिव्हाळ्याच्या माणसांचा आधार नसणे यांचाही संबंध अनेक अभ्यासांत दिसतो. झटक्यानंतरच्या पाच वर्षांत कोणत्याही वेळी पाहिले तरी सुमारे ३१ टक्के रुग्णांत नैराश्य असते, असे हॅकेट यांच्या २०१४ मधील संकलनाचे उत्तर आहे.

बुद्धीच्या बाबतीत खरी कलाटणी मिळाली ती झटक्याच्या आधीच्या काळाकडे पाहिल्यामुळे. अँथनी जॉर्म यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात एक प्रश्नावली तयार केली, जी रुग्णाऐवजी त्याच्या घरच्यांना विचारायची असते: दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत हा माणूस नातेवाइकांचे तपशील, वस्तूंच्या जागा, पैशांचे व्यवहार आज कसे सांभाळतो? फ्रान्समधील लील येथे एनों यांनी १९९७ मध्ये पक्षाघाताने दाखल झालेल्या २०२ रुग्णांच्या नातलगांना हे प्रश्न विचारले, आणि त्यांतील सुमारे १६ टक्के रुग्णांना झटक्यापूर्वीच स्मृतिभ्रंश होता असे निघाले. ज्याचे सारे खापर झटक्यावर फुटत होते ते दुखणे अनेक घरांत आधीच उंबरठा ओलांडून आत आलेले होते. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १०२ दिवंगत ख्रिस्ती जोगिणींच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्झायमर आजाराच्या खुणा मेंदूत असलेल्या जोगिणींपैकी ज्यांच्या मेंदूच्या गाभ्यात एक-दोन बारीक झटक्यांच्याही खुणा होत्या, त्यांच्यात हयातीत स्मृतिभ्रंश होण्याचा संभव कितीतरी पटींनी अधिक होता. अल्झायमरच्या खुणा नसलेल्यांत मात्र तशाच झटक्यांचा परिणाम क्षीण होता.

ऑक्सफर्डच्या सारा पेंडलबरी आणि पीटर रॉथवेल यांच्या २००९ मधील संकलनाने या विखुरलेल्या धाग्यांना आकडे दिले. सुमारे १० टक्के रुग्णांना पहिल्या झटक्यापूर्वीच स्मृतिभ्रंश असतो, आणखी १० टक्क्यांना तो पहिल्या झटक्यानंतर लवकरच होतो, आणि झटका पुन्हा आल्यास हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या वर जाते. वाढते वय, कमी शिक्षण, मधुमेह, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बिघडलेली लय, वाचेवर झालेला परिणाम, पहिल्या दिवसांतील संभ्रम, मूत्रावरील ताबा सुटणे, आणि स्कॅनवर दिसणारी मेंदूच्या आतील श्वेतद्रव्याची झीज हे घटक जोखीम वाढवतात. २०१९ मधील त्यांच्याच पाहणीत तीव्र झटक्यानंतर वर्षभरात ३४ टक्क्यांना, तर सौम्य झटक्यानंतर ८ टक्क्यांना नव्याने स्मृतिभ्रंश झाला. या जोखीम घटकांपैकी वय बदलता येत नाही, पण पुन्हा येणारा झटका रोखता येतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६,१०५ रुग्णांवरील ‘प्रोग्रेस’ चाचणीत रक्तदाब उतरवल्याने पुन्हा आलेल्या झटक्याशी निगडित स्मृतिभ्रंश ३४ टक्क्यांनी घटला. नैराश्य मात्र सर्वांना आधीच गोळी देऊन टाळावे, हा विचार तितका निर्दोष ठरला नाही: ब्रिटनमधील ३,१२७ रुग्णांवरील ‘फोकस’ चाचणीत, जी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरील औषधामुळे नैराश्य कमी झाले, पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले आणि शारीरिक सुधारणा अधिक झाली नाही.

भारतात या ज्ञानाला आणखी एक अडचण पार करावी लागली. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल यांच्या पुढाकाराने २००५ आणि २००६ या दोन वर्षांत सुमारे दीड लाख वस्तीची जी पक्षाघात नोंदवही ठेवली गेली, तिने शहरात किती जणांना झटका येतो आणि अठ्ठावीस दिवसांत किती दगावतात हे सांगितले; वाचलेल्यांच्या बुद्धीचा आणि मनाचा पाठपुरावा हे त्याहून लांबचे आणि घरोघर जाऊन करायचे काम होते, आणि ते कोलकात्यात लोकवस्तीच्या पातळीवर झाले. बुद्धी मोजायची कशाने, हाही प्रश्न होताच. फोल्स्टाइन यांनीच १९७५ मध्ये रचलेली आणि जगभर वापरली जाणारी चाचणी रुग्णाला वाक्य वाचायला, लिहायला आणि आकृती काढायला सांगते. ज्या बाईने आयुष्यात पाटी-पेन्सिल हाती धरली नाही, पण बारा माणसांचे घर आणि दूधदुभत्याचा हिशेब तोंडपाठ सांभाळला, ती या चाचणीत नापास ठरणार हे उघड आहे. हरियाणातील बल्लभगढ येथे मेरी गांगुली, विजय चंद्र आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदी चाचणीत साक्षरतेवर अवलंबून असलेले प्रश्न गावच्या निरक्षर वृद्धांच्या रोजच्या व्यवहाराला धरून बदलले गेले. कमी शिक्षण हा स्मृतिभ्रंशाचा जोखीम घटक मानताना त्यातील किती भाग मेंदूच्या कमी राखीव बळाचा, किती गरिबीमुळे न तपासलेल्या रक्तदाबाचा आणि किती परक्या चाचणीचा, हे वेगळे काढल्याशिवाय महाराष्ट्राच्या खेड्यांतील पक्षाघाताच्या रुग्णाबद्दल नेमके विधान करता येत नाही, आणि ते काम आजही अपुरे आहे.